जादा खिडक्या

आमच्या शाखेत खिडक्या सात आहेत आणि माणसं तीन. पासबुक भरून घ्यायला आलेले आजोबा दारातून सात खिडक्या बघून खूष होतात आणि मग चार खिडक्यांवरची 'कृपया शेजारील खिडकीवर चौकशी करावी' ही पाटी वाचत वाचत माझ्यापर्यंत पोचतात. तोवर त्यांची खुशी ओसरलेली असते. तेव्हा खिडक्या वाढवणे या विषयावर मी चार शब्द लिहिले तर तो आगाऊपणा समजू नये. बी.कॉम. झालेल्या माणसाने कॉम्प्युटरवर टीका करू नये असं आमच्या धाकट्या मेव्हण्याचं, म्हणजे बाळूचं, मत आहे. पण तोंडाला रंग न लावलेले लोक नाटकांची परीक्षणं लिहितातच ना? शिवाय हे परीक्षण मूळ त्यानेच मागितलं. "भाऊजी, एकदा डोंबिवलीला येऊन बघा आणि खरं काय वाटतं ते सांगा," असं म्हणाला. खरं काय वाटतं असं विचारणाऱ्या सासरच्या माणसाला खरं सांगायचं नसतं, एवढा व्यवहार मला कळतो. समोर बसून बोलताना मी तो पाळला. लिहिताना पाळणार नाही.

परीक्षणाचा विषय आहे बाळूचा सर्व्हर. ज्यांच्या घरात बाळू नाही त्यांच्यासाठी खुलासा : घरातले सगळे सिनेमे, नाटकं, गाणी, लग्नाचे व्हिडिओ आणि फोटो एका कॉम्प्युटरवर भरून ठेवायचे आणि मग टीव्हीवर, फोनवर, वाटेल त्या खोलीत बसून बघायचे, यासाठी जो कॉम्प्युटर चोवीस तास जागा ठेवतात तो सर्व्हर. त्यावर जेलीफिन नावाची एक फुकट प्रणाली चालते. ती प्रत्येक सिनेमाचं पोस्टर, सालबिल, नटनट्यांची नावं असं सगळं मांडून दाखवते. हे काम ती सुरेख करते. जुन्या लायब्ररीवाल्याने कव्हर घालून, नंबर टाकून पुस्तकं लावावीत तशी. सर्व्हरची जागा मात्र देवघराच्या खालचं कपाट. बाळूच्या बायकोने घरात तेवढीच जागा दिली. त्यामुळे सकाळी त्या घरात कोणीही नमस्कार केला की तो दोघांनाही पोचतो.

आता मूळ दोषाकडे वळू. कॉम्प्युटरला हार्ड डिस्क जोडायची तर मदरबोर्डावर तिच्यासाठी जागा लागते, पोर्ट म्हणतात तिला. ही जोडणी 'साटा' पद्धतीची. मी बरेच दिवस तो शब्द 'साठा' असाच ऐकत होतो आणि मला त्यात काही गैर वाटलं नव्हतं. साधारण घरगुती मदरबोर्डावर असे चार किंवा सहा पोर्ट असतात. बाळूच्या बोर्डावर सहा होते. त्याने हौसेने एम-डॉट-टू नावाची, च्युइंगमच्या पट्टीएवढी वेगवान डिस्क बोर्डावर बसवली आणि सहापैकी दोन पोर्ट बंद पडले. दोन दिवस तो केबली बदलत होता. तिसऱ्या दिवशी बोर्डाबरोबर आलेली पुस्तिका उघडली, तर त्यात बारीक टायपात लिहिलेलं होतं की अमुक जागा वापरल्यास तमुक दोन पोर्ट चालणार नाहीत. पुष्कळ बोर्डांत हे असतं. आमच्याकडे नवीन एटीएम बसवल्यावर रोखीच्या दोन खिडक्या बंद केल्या, तसंच. फक्त आम्ही पाटी मोठ्या अक्षरात लावली होती.

म्हणजे डिस्का सहा आणि पोर्ट चार. इथे कुठल्याही वाणिज्य पदवीधराला पहिला प्रश्न पडेल की सहा डिस्का लागतात कशाला? बाळूच्या डिस्का दोन टीबीच्या, तीन टीबीच्या, कोणी कॉम्प्युटर मोडीत काढला तेव्हा आणलेल्या, वेगवेगळ्या वयाच्या. आज बाजारात २० टीबीच्याही पुढच्या डिस्का मिळतात. तसल्या दोन घेतल्या तर मूळच्या चार पोर्टांतले दोन रिकामे राहतात. सहा बँकांत सहा बचत खाती ठेवून सगळीकडे किमान शिल्लक राखत बसणारे गृहस्थ मला ठाऊक आहेत. त्यांना एकत्र करा म्हटलं की ते दुखावतात. बाळूही दुखावला. म्हणाला, "भाऊजी, चालू डिस्क फेकून कशी द्यायची?" या वाक्यात त्याच्या आईचा आवाज होता. सासूबाईंनी श्रीखंडाचा एक डबा कधी फेकला नाही.

पोर्ट वाढवायचे मार्ग तीन-चार आहेत. बाळूने अर्थातच सगळ्यांत स्वस्त मार्ग आधी धरला. बोर्डावर एक आखूड खाच असते तिच्यात बसणारं अडीच हजारांचं कार्ड. त्यावर दहा पोर्ट! फोटोत ते कार्ड जणू दहा खिडक्यांचं रेल्वे बुकिंग ऑफिस दिसतं. आत मात्र बाबू मोजकेच. या स्वस्त कार्डांत बहुधा चार-पाच पोर्ट सांभाळणारी एक चिप असते आणि बाकीचे पोर्ट 'मल्टिप्लायर' लावून फोडलेले असतात. म्हणजे एका खऱ्या खिडकीसमोरच चार-पाच रांगा लावायच्या आणि आतल्या कारकुनाने आळीपाळीने प्रत्येक रांगेकडे तोंड फिरवायचं. सिनेमा बघण्यापुरतं हे चालतं, कारण एका सिनेमाला वेग लागतो तो कितीसा? खोळंबा होतो तो एखाद्या रांगेतला गिऱ्हाईक भांडायला लागला म्हणजे. एक डिस्क आजारी पडून उत्तर द्यायला वेळ लावू लागली की कारकून तिच्याशीच हुज्जत घालत बसतो आणि त्या खिडकीवरच्या सगळ्या डिस्का एकदम दिसेनाशा होतात. धडधाकट असलेल्यासुद्धा.

न्यायाने बोलायचं तर या जातीची सगळीच कार्डं टाकाऊ नाहीत. पाच किंवा सहा पोर्टांची, एकाच चिपची, मल्टिप्लायर नसलेली साधी कार्डंही मिळतात. त्यांनी घरचं काम उत्तम भागतं. हिशेब सोपा आहे. हार्ड डिस्क सेकंदाला दोनशे-अडीचशे एमबी देते आणि तिसऱ्या पिढीच्या पीसीआयई खाचेची एक वाट सेकंदाला हजारेक एमबी वाहते. चार डिस्का एकदम धावल्या तरी दाराशी चेंगराचेंगरी नाही. घेणाऱ्याने पोर्ट मोजण्याआधी चिपचं नाव विचारावं. पण आपल्याकडे साडीचे सुद्धा रंग आधी मोजतात.

विजेबद्दल बाळूने विचार केला नव्हता, तो माझ्या वाट्याला आला. फिरणारी डिस्क चालू होताना १२ व्होल्टवर दोनेक अँपिअर ओढते. सहा डिस्का एकदम उठल्या की बारा अँपिअर, म्हणजे दीडशे वॉटच्या आसपास, आणि तेही एका तारेला दुसरी, दुसरीला तिसरी अशा जोडलेल्या फाट्यांतून. त्यातले प्लास्टिक ओतून बंद केलेले स्वस्त फाटे आतल्या आत शॉर्ट होऊन जळतात अशी त्यांची ख्याती आहे. हे वाचल्यावर मी बाळूला फोन करून सांगितलं, बाबा रे, वर देवघर आहे, निरांजन पुरे. त्याने ते फाटे बदलले, हे मी त्याच्या जमेला लिहितो. उठल्यानंतर डिस्का कमी खातात. सगळा संसार धरून ६० वॉट. पण चोवीस तास. महिन्याचे ४३ युनिट झाले. हा आकडा मी त्याच्या बायकोसमोर सांगायला नको होता.

आणि एवढं सगळं कशासाठी? बाळूकडे जवळजवळ १२ टीबीचा माल आहे. आठ जीबीचा एक सिनेमा धरला तर दीड हजार सिनेमे. रोज एक बघितला तर चार वर्षं आणि वर महिनाभर. बाळू रोज काय बघतो ते मी सलग तीन रविवार पाहिलं. रात्री जेवण झालं की तो पंधरा मिनिटं पोस्टरं वरखाली करतो, आणि मग 'अशी ही बनवाबनवी' लावतो. चांगलंच आहे. पण त्याला एक पोर्ट पुरेसा आहे. १९५६ साली आयबीएमने पहिली हार्ड डिस्क आणली तेव्हा चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांत मिळून आजच्या फोनमधला जेमतेम एक फोटो मावला असता. तरी तिच्यात जे असे ते कोणीतरी उघडून वाचत असेल, नाहीतर एवढं धूड ठेवलंच नसतं.

इथवरचं परीक्षण 'प्रयत्न स्तुत्य, लांबी कमी करावी' या सदरात संपलं असतं. संपलं नाही ते सासूबाईंच्या तिथीमुळे.

सासूबाईंच्या आवाजाची एक कॅसेट होती. १९९१ साली घरातल्या एका लग्नात घाणा भरताना त्यांनी जात्यावर ओव्या म्हटल्या होत्या, त्या कोणीतरी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून रेकॉर्ड केल्या. चाळीस मिनिटं. मध्ये बांगड्या वाजतात, जातं घरघरतं, एक बाई दोनदा शिंकते, आणि एका ठिकाणी ओवी अर्धी सोडून सासूबाई ओरडतात, "बाळ्या, लाडवाला हात लावू नकोस!" आणि पुढच्या श्वासाला ओवी जिथे सोडली तिथून उचलतात. सूर तोच. २०१६ साली त्या गेल्यावर बाळूने ती कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. छान काम केलं. आणि मग कॅसेट टाकून दिली. बुरशी आलेली होती, आणि डिजिटल झाल्यावर कचरा कशाला! ज्या माणसाला दोन टीबीची डिस्क टाकवत नाही त्याने आईची कॅसेट टाकली, हे मी अजूनही ताळेबंदात कुठल्या बाजूला लिहावं ते ठरवू शकलेलो नाही.

मागच्या वर्षी तिथीला आम्ही डोंबिवलीला गेलो. जेवणं झाली, हिने सहज म्हटलं, "बाळू, आईच्या ओव्या लाव रे." बाळूने रिमोट दाबला. पडद्यावर पोस्टरं नाहीत, गाणी नाहीत. सहापैकी तीन डिस्का गायब. तिन्ही त्या दहा खिडक्यांच्या कार्डावर, एकाच फोडलेल्या पोर्टावर होत्या.

"काही होत नाही ताई, रेड आहे," असं बाळू म्हणाला. पण कपाळावर घाम होता.

रेड म्हणजे काय हे मी त्या रात्री समजून घेतलं. तुम्हांला लेजरच्या भाषेत सांगतो. पाच पानांवर पाच रकमा आहेत आणि सहाव्या पानावर त्यांची बेरीज. कुठलंही एक पान वाळवीने खाल्लं तरी उरलेल्या पाचांवरून ते काढता येतं. बाळूची रचना अशीच होती, फक्त बेरजेचं पान एका डिस्कवर न ठेवता सगळ्यांत वाटून ठेवलेलं. कल्पना खरोखर देखणी आहे. ज्या १९८८ साली 'अशी ही बनवाबनवी' आला त्याच साली बर्कलेच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी ती रेड या नावाने मांडली. त्यातला 'आय' तेव्हा 'इनएक्स्पेन्सिव्ह', म्हणजे स्वस्त, या शब्दाचा होता. पुढे त्याचा 'इंडिपेंडंट' झाला. विकणाऱ्यांना 'स्वस्त' हा शब्द फार दिवस सोसत नाही. असो. मुद्दा असा की एक पान गेलं तर भागतं. तीन गेली तर बेरीज घेऊन करायचं काय?

आणि दुसरी गोष्ट, जी बाळूला नऊ दिवस समजावूनही पटली नाही. बेरीज ही नक्कल नव्हे. एखादी रक्कम चुकून खोडली की बेरीजही मुकाट्याने खोडलेल्या आकड्याचीच होते. कपाटाला पाणी लागलं, वीज पडली, चोराने सगळा डबाच उचलला, तर बेरजेचं पानही त्याच डब्यात जातं. एका लॉकरला दोन किल्ल्या असल्या म्हणून लॉकर दोन होत नाहीत. बँका आपला सगळा डेटा एका शहरात ठेवतात आणि त्याची प्रत दुसऱ्या, लांबच्या शहरात ठेवतात. भूकंप झाला तर दोन्हीकडे एकदम होऊ नये म्हणून. आमच्या बँकेत पंखा दुरुस्त व्हायला अर्जाच्या तीन प्रती लागतात आणि मी आयुष्यभर त्या तीन प्रतींना शिव्या दिल्या. त्या नऊ दिवसांत मनातल्या मनात मी सगळ्या शिव्या परत घेतल्या. २००३च्या जानेवारीत पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या कोठाराला आग लागून जुन्या नायट्रेट फिल्मचे डबे जळाले होते. ज्यांची प्रत आधी दुसऱ्या फिल्मवर काढून ठेवली होती, ते चित्रपट उरले. तिथे डबे ठेवायला फळ्या किती होत्या हे आज कोणी विचारत नाही.

नऊ दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. ही म्हणायची, "चाळीस मिनिटं होती." एवढंच. मी माझा फोन, तिचा फोन, थोरल्या मेव्हणीचा फोन सगळं चाळलं. कधीतरी पाठवलेला अठ्ठेचाळीस सेकंदांचा एक तुकडा निघाला. त्यात शिंक होती. ओवी अर्धीच होती.

शेवटी तोडगा निघाला तो आमच्या माळ्यावर. मुलाचा २०१२ सालचा जुना कॉम्प्युटर, कोणी भंगारवाला तीनशेच्या वर बोलेना म्हणून राहिलेला. त्याच्या बोर्डावर सहा खरेखुरे पोर्ट. लोकलने तो मांडीवर घेऊन मी डोंबिवलीला गेलो. बाळूने सहाही डिस्का त्याला सरळ जोडल्या, मध्ये कार्ड नाही की फाटा नाही. एक डिस्क खरंच गेलेली निघाली. बाकीच्या दोघी ठणठणीत, उगाच संगतीने बदनाम झालेल्या. एक पान गेलेलं, पाच हजर. बेरजेने आपलं काम केलं. रात्री साडेअकराला बाळूने फोन केला आणि काही न बोलता फोन स्पीकरपाशी धरला. आधी जातं ऐकू आलं.

यानंतर बाळू काय करील असं तुम्हांला वाटतं? त्याने आठ पोर्टांचं नवीन कार्ड घेतलं!

कार्डाबद्दल माझी तक्रार नाही. हे म्हणजे एलएसआयचं ९२११-८आय, मोठ्या सर्व्हरमध्ये नोकरी करून व्हीआरएस घेतलेलं. आठही पोर्ट अस्सल, फोडलेला एकही नाही. त्याला 'आयटी मोड'मध्ये आणावं लागतं. मला वाटलं इन्कम टॅक्स. पण तो 'इनिशिएटर टार्गेट'. म्हणजे कार्डाने स्वतः बेरजाबिरजा करत बसायचं नाही, फाइल न उघडता साहेबांच्या टेबलावर ठेवणाऱ्या शिपायासारखं प्रत्येक डिस्क जशी आहे तशी पुढे करायची. सरकारी भाषेत सांगायचं तर 'यथायोग्य कार्यवाहीसाठी अग्रेषित'. कामाला पक्कं. दोष दोनच. मोठ्या सर्व्हरातल्या सोसाट्याच्या वाऱ्याची सवय असल्याने ते घरगुती डब्यात तापतं, म्हणून बाळूने त्याला छोटा पंखा बांधला. आणि त्याला एका जाड तोंडातून चार शेपट्या फुटलेल्या केबली लागतात. त्या केबलीत एक सुलटी जात असते आणि एक उलटी. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, पण उलटीतून काहीच जात नाही. बाळूने आधी कुठली आणली ते सांगायला नको.

कार्डाची परीक्षा घ्यायची तर माझ्याकडून शंभरपैकी ऐंशी. बाळूची परीक्षा घ्यायची तर मी एवढंच विचारलं, "बाळू, ओव्यांची दुसरी प्रत कुठे आहे?"

"भाऊजी, आता कशाला? कार्ड बघा की केवढं दणकट आहे."

त्या चाळीस मिनिटांची फाइल आहे सदतीस एमबीची. बाळूच्या साठ्यातला तीन लाखावा हिस्सा. मी स्टेशनबाहेरून तीनशे-तीनशे रुपयांचे दोन पेन ड्राइव्ह आणले. हिने दोन्हींवर चिकटपट्टी लावून पेनाने 'आई' लिहिलं. एक तिच्या नथीच्या डबीत आहे. दुसरा थोरल्या मेव्हणीकडे सांगलीला कुरियरने पाठवला. तिने पोच देताना विचारलं, एवढ्याशा वस्तूला इतकं कापडात का गुंडाळलंय?

परवा रात्री बाळूचा फोन आला. आवाजात उत्साह. "भाऊजी, नवीन कार्डावर अजून दोन पोर्ट रिकामे आहेत. तुमच्याकडे जुने सिनेमे वगैरे असतील तर द्या, भरून टाकू."

मी हात फोनवर ठेवून हिला म्हटलं, बाळू विचारतोय, दोन पोर्ट रिकामे आहेत, काय सांगू?

ती पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याला म्हणावं, लाडवाला हात लावू नकोस."